तिसरा आग्रह

"इथं तरी आता काय खोट काढणार आहेस?" लाइलनं गाडीचा वेग कमी करत विचारलं.

आर्लिसनं खिडकीतून पाहिलं. ओमाहा शहराभोवतालचा सकाळपासूनचा हा तिसरा आरव्ही पार्क, म्हणजे चाकांवरची घरं उभी करायचा तळ. पहिला तिनं हायवेच्या आवाजावरून नाकारला होता. दुसऱ्यात नदीचं पाणी आत येतं, असं तिथल्याच एका म्हाताऱ्यानं सांगितलं आणि तिनं ते लगेच उचलून धरलं. इथं मात्र मेलं नाव ठेवायला जागाच नव्हती. ओकची झाडं, ऐसपैस जागा, थंडीत न गोठणारे नळ. मुलीचं घर वीस मिनिटांवर.

"बरा आहे," ती म्हणाली.

आमच्या मिनेसोटाच्या माणसानं 'बरा आहे' म्हटलं म्हणजे डोक्यावर घेतलंच म्हणायचं. लाइल शीळ घालत गाडी आत घेऊन गेला.

इथं वर्षाचा करार केला की मिनेसोटातलं घर विकायचं, असं ठरलं होतं. गिऱ्हाईक तयार होतं. तिथला व्यवहार बघणारा लाइलचा भाऊ गॉर्डन पाच वाजेपर्यंत फोनची वाट पाहणार होता. हो की नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी लाइल निवृत्त झाला आणि आठवड्याभरात हे चाकांवरचं घर घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून अठ्ठावीस फुटांत दोन माणसं. तो चहाकॉफीला उठला की हिनं भिंतीला चिकटायचं. पलंग भिंतीलगत, तेव्हा रात्री उठायचं तर नवऱ्याला ओलांडून. आर्लिसला स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं, परसातला रुबार्बच्या भाजीचा वाफा हवा होता, रविवारी चर्चच्या तळघरात बायकांबरोबर कॉफी हवी होती. या डब्यात तिचा जीव घुसमटत होता. कधीकधी ती उगीचच कपडे धुवायला जायची आणि मशीनसमोर तासभर बसून राहायची.

मग बोलायचं ना सरळ, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे तसं नसतं. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा 'उगीच कशाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'आता तुम्ही इतकं म्हणताय तर' करून कप पुढं करायचा. पहिल्याला हो म्हणेल तो हावरट आणि तिसऱ्याला नाही म्हणेल तो माजोरडा. आर्लिसचे वडील एकदा गाडीसकट बर्फात अडकले होते, तरी ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेजाऱ्याला दोनदा 'नको' म्हणूनच त्यांनी दोरी हातात घेतली. आपणहून मागणं तर त्या घराण्यात कुणाला ठाऊकच नव्हतं.

सकाळी नाश्त्याला लाइलनं विचारलं होतं. "बघ हं, घरी परत जायचं असेल तर अजून वेळ गेलेली नाही."

"छे, माझ्यासाठी नको काही," ती म्हणाली होती.

आता गाडी उभी करून दोघं जागा पाहायला उतरले. लाइल बुटानं खडी उकरत राहिला.

"नक्की ना? गॉर्डनला नाही म्हणून सांगता येईल. घरी जाऊ."

"उगीच कशाला," आर्लिस म्हणाली. "इथं ठीक आहे की."

दोन झाले. आता फक्त तिसऱ्यांदा विचारू दे. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिसरा आग्रह कधी चुकवला नव्हता. लग्नाची मागणीसुद्धा तीनदा घातली होती, आणि दोनदा नाही म्हणूनही तिला कधी धाकधूक वाटली नव्हती.

पार्कच्या कचेरीत डार्ला नावाची बाई बसली होती. तिनं कराराचे कागद पुढं सरकवले. "बसा ना, उभे का? कॉफी घेणार?"

"नको, नको," दोघं एकदम म्हणाले.

डार्ला मिनेसोटाची नव्हती. तिनं किटली परत ठेवून दिली.

लाइलनं पेन उचललं, थांबला आणि बायकोकडं पाहिलं. "आर्लिस."

"काय?" तिच्या ओठांवर 'तू इतकं म्हणतोयस तर' तयार होतं.

त्यानं पेन कागदावर टेकवलं. मग म्हणाला, "गाडीचं दार पूर्वेला हवं की पश्चिमेला?"

"तुला आवडेल तसं," आर्लिस म्हणाली.

त्यानं सही केली. तिनंही केली. अक्षर जरा वेडंवाकडं आलं, पण डार्लानं काही म्हटलं नाही.

म्हणजे याला घरी जायचंच नाही, आर्लिसला कळून चुकलं. जायचं असतं तर विचारलं असतं. तिला राग आला, मग रडू आलं, आणि ती दोन्ही गिळून 'जेवणाचं बघते' म्हणत गाडीकडं निघाली. दार लावून घेतलं आणि त्या दोन हात रुंदीच्या जागेत बटाटे सोलायला लागली.

लाइल पार झाडांपलीकडं गेला आणि त्यानं भावाला फोन लावला.

"विकून टाक," तो म्हणाला.

"अरे, काय हे," गॉर्डन म्हणाला. "कालच म्हणत होतास ना, या डब्यात आणखी एक हिवाळा काढला तर वेड लागेल म्हणून? तिला विचारलंस तरी का?"

"दोनदा विचारलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

लाइलनं बाहीनं डोळे पुसले.

"तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मनात नसतानाही रीत म्हणून ती हो म्हणाली असती रे," तो म्हणाला. "माझ्यापायी तिला परत त्या घरात कशाला कोंडून ठेवू?"