डाव्या बाजूची प्लेट

दोन मोठ्या प्लेटांच्या मधे सुदेशनं अडीच किलोची एक छोटी प्लेट सरकवली आणि वरून लॉक घट्ट आवळलं. बारच्या दुसऱ्या टोकाला हमदुल्ला आपल्या प्लेटा चढवत होता. त्याचं इकडे लक्ष नव्हतं. लक्ष असायला सुदेश आता त्याचा उस्ताद कुठे उरला होता?

"एक सौ चालीस किलो," जिमचा मालक खैरुद्दीन माइकवर सांगत होता. "इस्टोनिया का चॅम्पियन, अपना तार्मो."

अपना. सुदेशला तो शब्द मिरचीसारखा झोंबला.

आखातातल्या, अल कुसैसमधल्या त्या जिमचा वर्धापनदिन होता, शुक्रवारची दुपार. खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत सुदेशची बायको आशा बसली होती, मांडीवर डबा घेऊन. डबा तार्मोसाठी होता.

तार्मोनं ऐन तारुण्यात युरोप गाजवला होता. आता चाळिशी उलटल्यावर तो इथं कोच म्हणून आला, आणि तो आला त्याच आठवड्यात भिंतीवरचा सुदेशचा फोटो उतरला. सांगली जिल्ह्याचा विजेता, कमरेला पट्टा, ओठावर झुपकेदार मिशी. "जगह कम है, भाई," खैरुद्दीन म्हणाला होता. तार्मोचं दरवाजाएवढं पोस्टर लावायला मात्र जागा निघाली. मग हमदुल्ला गेला. त्याला बार धरायला सुदेशनं शिकवलं होतं, आणि आता तो तार्मोची बॅग उचलत फिरत होता.

आणि घरी तार्मोला आणलं कोणी? खुद्द सुदेशनं. आपल्याच बिल्डिंगमध्ये एकटा राहतो बिचारा, म्हणून एका शुक्रवारी जेवायला बोलावलं. हात दाखवून अवलक्षण. तेव्हापासून तार्मोचा एकही शुक्रवार चुकला नाही. मांडी घालता येत नाही म्हणून भिंतीला टेकून पाय पसरून बसायचा, आणि आशा त्याच्या ताटात तव्यावरची भाकरी टाकत राहायची. सुदेशला तिनं शेवटचं "अजून वाढू का" कधी विचारलं होतं, ते त्याला आठवत नव्हतं.

सुदेश जळत होता. त्याला दुसरं नाव नाही.

एकदा त्यानं जेवताना मुद्दाम डिवचलं होतं. "तार्मो, तू पुराने रशिया की टीम से खेला ना? वो कंट्री तो खलास. अब तेरे मेडल का क्या?"

तार्मोनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "वेट सेम था, सुदेश."

आशा खुदकन हसली. ते हसू सुदेश अजून विसरला नव्हता. त्याच जेवणात तार्मोनं शर्टाची गुंडी काढून डाव्या खांद्यावरचा ऑपरेशनचा व्रण दाखवला होता. आशा "आई गं" म्हणाली. सुदेशनं ताटातून मान वर केली नव्हती, पण डावा खांदा तेवढा लक्षात ठेवला होता.

आज प्लेटा चढवायला त्यानं डावी बाजू मागून घेतली. तार्मोचा हात मोडावा असं त्याच्या मनात नव्हतं, निदान तो स्वतःला तसं सांगत होता. फक्त एकदा बार पडावा. आशासमोर पडावा.

तार्मो आला. हाताला पावडर लावली, वाकला, बार धरला. बार जमिनीवरून सुटला आणि डावीकडे किंचित कलला. तार्मोचे डोळे त्या बाजूला वळले. तिथं सुदेश उकिडवा बसला होता. नजरानजर झाली.

बार सोडून द्यायला तेवढा वेळ होता. तार्मोनं सोडला नाही. बार खांद्यावर आला. तो उठून उभा राहिला. मग एका दणक्यात बार डोक्यावर गेला, आणि डावं कोपर थरथरायला लागलं.

"सोड," सुदेश पुटपुटला. "अरे, सोड ना." हे आपण मत्सरानं म्हणतोय की भीतीनं, ते त्याचं त्यालाच कळेना.

कोपर सरळ झालं. बार वर ठरला, आणि मगच धाडकन खाली आला. टाळ्या थांबेनात.

तार्मोनं माइक घेतला. दम लागला होता. "बार पे एक सौ चालीस नहीं था. मोअर था. मेरा ओल्ड कोच भी ऐसा करता था. प्लेट डालता, बोलता नहीं. बोलने से आदमी डरता है." त्यानं सुदेशकडे बोट केलं. "आज सुदेश ने डाला. सुदेश ट्रस्ट मी."

आता टाळ्या सुदेशसाठी पडायला लागल्या. हमदुल्लानं धावत येऊन त्याला मिठी मारली. "उस्ताद, हमको भी नहीं बताया?" पहिल्या रांगेत आशा उभी राहिली होती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि पदरानं डोळे टिपत होती. सुदेशनं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

"दोनों का फोटो लो," खैरुद्दीन म्हणाला. "दीवार पे लगाएंगे."

तार्मोनं उजवा हात सुदेशच्या खांद्यावर टाकला. डावा स्वतःच्या मांडीलगत नुसता लोंबत होता. तो सुदेशच्या कानाशी वाकला.

"नेक्स्ट टाइम," तो हळूच म्हणाला, "बोथ साइड."

आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.

"सुदेशभाई," फोटोवाला म्हणाला, "आप भी थोडा स्माइल."