दोन मिलिमीटर

भौतिकशास्त्राच्या सरांनी फळाभर गणित मांडलं, तरी प्रयोगशाळेतलं लंबकाचं घड्याळ मागेच पडत होतं. तेव्हा सफाईच्या बाई, घड्याळजीची लेक, म्हणाल्या, “दिवसाला दीड मिनिट मागे, म्हणजे हजारात एक. लांबी त्याच्या दुप्पट बदलायची, हजारात दोन. दांडी मीटरभर आहे, तर लंबक दोन मिलिमीटर वर घ्या. आखूड झोका लवकर परततो, सर.” लंबकाखालचा नट बाईंनीच फिरवला आणि घड्याळ ताळ्यावर आलं. आज सरांचं पुस्तक छापून आलं. बाईंनी हात पुसून पान उलटलं. ‘मला सुचलेली सोपी पद्धत’ म्हणून त्यांचीच वाक्यं होती. आभारांत त्यांचा पत्ताच नव्हता. शेवटची ओळ तेवढी सरांची स्वतःची होती: ‘लंबक दोन मिलिमीटर खाली घ्यावा.’ “बघा, काही चुकलंय का!” सर चेष्टेने म्हणाले. बाईंनी पुस्तकावरून फडकं फिरवलं. “मला काय कळतंय, सर?”