मे महिन्यातला हीटर

गाडीचा डॅशबोर्ड अंगणात लिंबाखाली पालथा पडला होता. विलास समोरच्या सीटवर आत डोकं खुपसून आडवे झाले होते. दारातून बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे पाय.

शेजारचा सुग्रीव कुंपणावरून वाकला. "विलासभाऊ, आज काय काढलंय?"

"हीटर," पाय बोलल्यासारखा आवाज आला.

"हीटर? शिरूरात? मे महिन्यात?" सुग्रीव खो खो हसत सुटला. "मंग डिक्कीत एक शेगडीबी ठिवा की!"

उत्तरादाखल पान्ह्याची टकटक तेवढी ऐकू आली.

ओट्यावर बसलेल्या प्रियदर्शनीला मात्र हसू आलं नाही. एरवी गाडीचं काही निघालं की पप्पांची पहिली हाक तिला असायची. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेल्या या माणसानं लेकीला अक्षरांच्या आधी नट-बोल्टचे पान्हे ओळखायला शिकवलं होतं. ती इंजिनिअर झाली, त्याचं मूळ या अंगणातच होतं. आणि गेले आठ दिवस हाक नव्हती.

आठ दिवसांपूर्वी तिच्या नोकरीची ऑर्डर आली होती. धरणाच्या कामावर ज्युनियर इंजिनिअर. दोन दिवस रेल्वे आणि वर एक दिवस बस, इतकं लांब. पप्पांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, घडी करून तिच्या हातात दिला, "हं" म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं. तेव्हापासून त्या मुलखाचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. ती एकुलती एक. 'हं'चा अर्थ तिनं लावून टाकला होता. रुजू होणार की नाही, हे आज पाचच्या आत कळवायचं होतं. 'येऊ शकत नाही' असं तिनं मोबाइलवर लिहूनही ठेवलं होतं. फक्त पाठवायचं बाकी होतं.

पप्पांना तर गाडीशिवाय काही सुचत नव्हतं. इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या ज्या छोट्या जाळीतून फिरतं, ती बोअरचं जड पाणी पिऊन आतून दगड झाली होती. परवा त्यांनी फडताळातून चिंचेचा गोळा उचलला, बादलीत कोळला आणि जाळी त्यात बुडवली.

"अवं, वर्षाची चिंच हाय ती!" प्रियदर्शनीची आई पंचशीला ओरडली.

"तांब्याची भांडी निघत्यात चिंचेनं, मंग ही न्हाई निघायची?"

निघाली. काल हीटरच्या पंख्यातून उंदराचं अख्खं घरटं निघालं. जुने रबरी पाइप कधीच कुजले होते, तर भर उन्हात मोटारसायकलवर जिल्ह्याला, बीडला जाऊन ते नवे घेऊन आले. परत आले ते तोंड लालबुंद, पण शीळ वाजवत. आपल्या जाण्याचं दुःख असलेला माणूस शीळ का वाजवतोय, हे काही प्रियदर्शनीला उमगेना.

चार वाजता डॅशबोर्ड जागेवर बसला.

"पियू!" हाक आली. "ये, स्टेअरिंगवर बस. काचा वर घे अन् गाडी चालू कर."

ती बसली. पप्पा शेजारी बसले. इंजिन तापेपर्यंत ते तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून होते. मग त्यांनी खटका उजवीकडे सरकवला आणि पंखा सुरू केला. आधी धूळ आली, मग चिंचेचा आंबूस वास आला, आणि मग भट्टीचं दार उघडावं तसा गरम वारा आला. बाहेर बेचाळीस डिग्री, आत विचारायची सोय नाही. ओट्यावरून पंचशीला आणि कुंपणावरून सुग्रीव, दोघंही आ वासून बघत राहिले.

प्रियदर्शनी घामानं निथळत होती. आता बोलली नाही तर कधीच बोलणार नाही, असं तिला वाटलं. "पप्पा, मी न्हाई म्हणून कळवती त्यांना. तुमाला सोडून न्हाई जात मी."

विलासांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खाली वाकून तिच्या पावलांशी हात धरून वारा अजमावत होते.

"पायाला चटका बसतोय का, तेवढं सांग."

"बसतोय! लई बसतोय! बंद करा आता!"

"मंग जमलं." आठ दिवसांत पहिल्यांदा ते तोंड भरून हसले आणि कपाळावरचा घाम बाहीनं पुसत म्हणाले, "हिमाचलात दिवाळीपसून बर्फ पडतंय म्हणं. ही गाडी तुझ्यासंगं येणार हाय, ड्युटीवर जाताना लेकीचे पाय गारठाया नगंत."