धाकटा परत येतो

पुण्याची गाडी भूमच्या स्टँडवर लागली, तसे मच्छिंद्रअप्पा बाकावरून उठले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. उतरणारा एकेक चेहरा त्यांनी नीट पाहिला. गाडी रिकामी झाली, तेव्हा ते परत येऊन बाकावर बसले.

पौर्णिमा रसवंतीच्या आडोशाला उभी राहून आपल्या वडिलांकडं बघत होती. आई सांगत होती ते खरंच होतं. महिना झाला, जेवण झालं की अप्पा रोज इथं येत होते. आणि हे आपल्यामुळं झालंय, हे तिला ठाऊक होतं.

पौर्णिमा पीएचडीसाठी गोष्टी गोळा करत होती. तालुक्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगितलेल्या, तशाच कॉलेजातल्या पोरांच्या मोबाइलवरच्या खेळांतल्या. सगळ्यांत फिरून फिरून तेच काय येतं ते हुडकायचं आणि त्याचा एक कप्पा करायचा. न उघडायची खोली. वेष बदललेला राजा. पोपटात ठेवलेला जीव. महिन्यापूर्वी ती वहीतले कप्पे मोठ्यानं वाचत होती आणि अप्पा शेजारी बसून शेंगा फोडत होते.

"धाकट्याचा अपमान होतो, तो घर सोडून जातो," तिनं वाचलं. "तेवीस गोष्टी."

"मग?"

"मग परत येतो."

"कितीत येतो?"

"तेवीसच्या तेवीस," ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं. अप्पांचे हात थांबलेले तिनं पाहिलेच नाहीत.

तिचा धाकटा भाऊ राजपाल घर सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली होती. भरतीची परीक्षा बुडवून तो मित्राकडं मोबाइलवर खेळत बसला होता. अप्पांनी भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारली आणि परत तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं. त्यानं दाखवलं नाही.

परवा त्याचा फोन आला होता. पौर्णिमाला.

ती बाकाजवळ गेली, वडिलांच्या शेजारी बसली.

"अप्पा, घरी चला. ऊन लई झालंय."

"परंड्याची गाडी येऊ दे. तेवढी बघतो."

"अप्पा, त्या गोष्टींचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. धाकटा परत आला, म्हणून तर त्याची गोष्ट झाली. जे आलेच नाहीत, त्यांचं कोण कशाला सांगत बसेल? माझ्या वहीत ते येणार कुठनं?"

अप्पांची नजर फाटकाकडंच होती. मग पौर्णिमानं ते सांगूनच टाकलं.

"राजपालचा फोन आला होता."

अप्पांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "बरा हाय का?"

"बरा आहे. सुरतला असतो. लग्न केलंय त्यानं. मुलगी आहे एक."

"मुलगी?" अप्पांचा चेहरा असा उजळला की पौर्णिमाला बघवेना. "नाव काय ठिवलं?"

"ते नाही सांगितलं."

"तू इचारलं नसशील."

"विचारलं होतं, अप्पा."

मनगटावरची पकड सैल झाली. स्टँडवर कुणीतरी पाण्याची बाटली भरून घेत होतं, तिकडं ते बघत राहिले.

"अन् काय म्हनला?"

दोन दिवस ती मऊ शब्द शोधत होती. तिला एकही सापडला नव्हता.

"म्हणाला, मी येणार नाही. अप्पांना सांग, वाट बघू नका."

त्यापुढं तो आणखी एक वाक्य बोलला होता. अप्पा गेले तरी मला कळवू नको. ते तिनं सांगितलं नाही.

"रागात म्हनला का?"

"नाही. शांत होता."

रागात असता तर बरं झालं असतं, हे दोघांनाही एकदमच कळलं. अप्पांच्या गालावरून पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"म्या हात उचलला," ते म्हणाले. "त्यो माझ्या हाताकडं न्हाय, माझ्या तोंडाकडं बघत हुता. लई येळ बघत हुता."

पौर्णिमानं त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. या वेळी ते मुकाट्यानं उठले. परंड्याची गाडी आत वळली, तरी त्यांनी मान वळवली नाही. दोघं हळूहळू फाटकाकडं चालू लागली. आई घरी वाट बघत असेल, तिला काय सांगायचं, कसं सांगायचं, याची पौर्णिमा मनात जुळवाजुळव करू लागली.

फाटकाशी अप्पा थांबले.

"पौर्णिमा, येक सांग. तुज्या त्या समद्या गोष्टींत, धाकटा आला अन् त्याची वाट बघायला कुणीच नव्हतं, असं येखाद्या गोष्टीत तरी हाय का?"

तिनं आठवून पाहिलं. कुठं डोळे गेलेला बाप ओसरीवर होता. कुठं आई विहिरीवर पाणी ओढत होती. कुठं नुसता म्हातारा कुत्रा होता. तिला खोटं बोलायला हवं होतं, पण ते तिच्या तोंडून निघालं नाही.

"नाही, अप्पा. कुणी ना कुणी असतंच."

"व्हय ना," अप्पा म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून आपला हात अलगद सोडवून घेतला. "मग तू व्हय म्होरं."