फक्त कौतुक

फसलेल्या चकल्यांवर हसणाऱ्या दोघींना मी आमच्या रेसिपी ग्रुपमधून काढलं आणि ॲडमिन म्हणून नियमच केला: "इथे फक्त कौतुक करायचं. कुणाचं मन दुखावता कामा नये." तेव्हापासून ग्रुपवर कशी शांतता आहे.

काल सकाळी सिंक तुंबलं. प्लंबरला पाठवायचा फोटो घाईत ग्रुपवर गेला. गढूळ पाणी, वर लालसर तवंग, मध्ये तरंगणारी चहाची पूड.

चूक लक्षात येईपर्यंत कौतुक सुरू झालं होतं.

"काय तर्री आलीय!"

"रेसिपी टाका ना, ताई!"

देवस्थळीकाकू तर गहिवरल्याच होत्या. "माझ्या आईच्या हातची आठवण झाली."

हसता हसता मी एकदम थांबले. दिवाळीत माझ्या बासुंदीवरही काकूंनी अगदी हेच लिहिलं होतं. आणि मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं होतं, तेही मोठ्यांदा.