वाढीची शिट्टी

कानांच्या दवाखान्यात जोलीनने कलीनाची ऐकण्याची दोन्ही मशीनं काढली, बंद केली आणि टेबलावर ठेवली. शिट्टी चालूच होती.

कलीनाला आता ती ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. नऊ वर्षांची ती पोर उंच खुर्चीत पाय हलवत बसली होती आणि भिंतीवरच्या रंगांच्या फळीवर एकाच तुकड्याला बोट लावून होती. जांभळा, आत चांदीची चमचम. नवे साचे ह्याच रंगाचे, असं तिने यॉर्कटनला येताना गाडीत आजोबांचं डोकं खाल्लं होतं.

तिच्या घरी शिट्टी ही मोठी बातमी असते. मशीन बसतं कानामागे आणि कानात बसतो मऊ साचा. पोर वाढलं की कान वाढतो, साचा सैल पडतो, फटीतून आवाज निसटतो आणि मशीन शिट्टी मारतं. मग आजी गोड सारणाची पातळ धिरडी करते आणि सगळे म्हणतात, कान वाढले! या खेपेला मात्र वर्ष उलटलं तरी वाढीची शिट्टी नव्हती. कलीना वर्गात सगळ्यांत बुटकी. जत्रेतल्या मोठ्या पाळण्याच्या रांगेतून तिला याही वर्षी उंचीची पट्टी दाखवून बाहेर काढलं होतं. त्यामुळे परवा जेवताना, ती आजोबांच्या शेजारी बसलेली असताना शिट्टी वाजली, तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

जोलीनने कानोसा घेत खोलीभर पाहिलं. तिची नजर दाराजवळ बसलेल्या कलीनाच्या आजोबांवर येऊन थांबली.

"ऑरेस्ट, टोपी काढा जरा."

"मी कशाला? दाखवायला हिला आणलंय."

"टोपी मशीनवर दाबली की चांगलं मशीनसुद्धा शिट्टी मारतं. काढा."

ऑरेस्टने नाखुशीने टोपी काढली. बियाणांच्या दुकानातून फुकट मिळालेली ती टोपी तो कानांवर ओढून घालायचा, कारण आपल्याला मशीन लागतं हे गावात कुणाला दिसू नये. चर्चमध्ये ती काढावी लागते म्हणून तिथे मागच्या बाकावर बसायचा. जणू गावाला ठाऊकच नव्हतं!

टोपी निघाली तरी शिट्टी थांबली नाही. जोलीनने त्याच्या उजव्या कानातला साचा बोटाने आत दाबला. थांबली. बोट काढलं, पुन्हा सुरू.

"ही शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही?"

"कुठली शिट्टी?"

जोलीन हसायला लागली. "मशीन अजून दोनेक वर्षं काढेल. साचे मात्र संपले तुमचे."

"संपले कसे? बायको दर शनिवारी साबणाच्या पाण्यात धुते, नळी फुंकते, वाळवायच्या डबीत ठेवते."

"धुतात छानच. पण जुना साचा कडक होतो, आकसतो. आणि कान काय हो, ते म्हातारपणीही वाढतात."

तिने कलीनाचे साचे परत तिच्या कानांत बसवले, मशीनं चालू केली आणि सगळं सांगितलं. तिचे साचे अगदी घट्ट बसत होते. इतक्यात बदलायची गरज नव्हती.

फळीवरचं बोट खाली आलं. "म्हणजे मी नाही वाढले."

"वाढशील गं, घाई कसली?"

"आणि आजीने धिरडी केली ती?" कलीनाने आजोबांकडे, तिच्या गिडोकडे, पाहिलं. "ती तुझी होती, गिडो. तरीच तू पाच खाल्लीस."

एरवी ऑरेस्टने तिला तोडीस तोड उत्तर दिलं असतं. आज त्याला वाईट वाटलं. पोरीच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटलं.

जोलीनने त्याची मशीनं काढून दोन्ही कानांत माप घ्यायचा गुलाबी लगदा भरला आणि तोंडावर बोट ठेवून दाखवलं. लगदा सुकेपर्यंत जबडा हलवायचा नाही. ऑरेस्ट पुतळ्यासारखा बसला. काही ऐकू येत नव्हतं, म्हणून तो नुसता बघत राहिला. कलीनाचे पाय आता हलत नव्हते.

लगदा निघाला, मशीनं परत चढली. नवे साचे येईपर्यंत म्हणून जोलीनने आवाज थोडा उतरवून दिला. शिट्टी थांबली.

"रंग नेहमीचाच ना? कातडीचा?"

ऑरेस्ट उठला, फळीपाशी गेला आणि जांभळ्यावर बोट ठेवलं.

"अहो, तो लहान मुलांचा आहे."

"आमच्या घरचा नियम आहे. कान ज्याचे वाढले, रंग त्याने निवडायचा."

कलीना खुर्चीतून जवळजवळ पडलीच. "गिडो! तुझ्या रोज कॉफीला जमणाऱ्या दोस्तांना दिसेल की!"

"दिसू दे. जळतील मेले."

"वरून टोपी घालशील ना पण?"

ऑरेस्टने हातातली टोपी उलटसुलट करून पाहिली. "ही आता मला होत नाही. कान वाढलेत माझे." आणि ती त्याने तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी भुवया ओलांडून, दोन्ही कान झाकून थेट नाकापर्यंत उतरली.

खोलीत बारीक शिट्टी वाजली.

टोपीखाली मशीन वाजतं हे कलीनाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. हिवाळ्यात लोकरीच्या टोपीखाली ते रोजच वाजतं. तरी ती श्वास रोखून बसली आणि टोपीच्या आतून तिने हळूच विचारलं,

"जोलीन, ही शिट्टी माझी ना?"

"तुझीच," जोलीन म्हणाली.