रविवारचे मासे

"ही नको. हिची मूठ जड आहे, पोरीचा हात भरून येईल," असं म्हणत आजीने काठी पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.

दुकानदारीण हसली. तीही म्हातारीच, आजीपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. "तुम्हाला यातलं कळतंय की!"

"कळणारच. माझे बाबा दर रविवारी याच तळ्यावर गळ टाकायला यायचे."

आजीचा मुलगा दारात उभा होता. "आई, घरातल्या चौघांना चार काठ्या आणि चार रिळं. स्वस्तातली बघ. वर्षातून दोनदा यायचं आपण, दुकान विकत घ्यायचं नाहीये."

"तू गप रे. विचारलं की बोल."

खिडकीतून तळं दिसत होतं. लहानपणापासून ज्याच्या गोष्टी ऐकल्या, ते तळं आजी आज पहिल्यांदाच पाहत होती. बाबांनी तिला कधी आणलंच नव्हतं. "पोरांचा गलका झाला की मासे तळाशी जातात," असं म्हणून ते खांद्यावर काठी टाकायचे आणि पहाटेच्या बसने एकटेच निघायचे. संध्याकाळी परत यायचे ते ओल्या फडक्यात बांधलेले मासे घेऊन. खवले काढलेले, एकसारखे तुकडे केलेले. आई शेजारणींना ऐकवायची, "आमच्या ह्यांच्या हाताला गुण आहे हो! मला तर सुरीसुद्धा ओली करावी लागत नाही."

तो गुण काही आजीच्या हातात उतरला नाही आणि तिच्या मुलाच्याही नाही. घराजवळच्या नदीवर मायलेकांनी वर्षानुवर्षं गळ टाकले, पण शेवाळाखेरीज काही लागलं नाही. आता तर तिची बोटंही आखडत चालली होती. ती पुरती मिटायच्या आत बाबांची विद्या नातीला द्यायची आणि तिने बाबांच्या तळ्यातून एक तरी मासा काढलेला डोळ्यांनी पाहायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

"काठ्या फायबरच्या घ्या," दुकानदारीण म्हणाली. "कार्बनची हलकी असते, पण गाडीच्या दारात सापडली की कटकन जाते. फायबरची कितीही आपटा, मुकाट्याने सोसते. आणि रीळ महागाचं घेतलं म्हणून मासा काही धावत येत नाही."

"ऐकलंस ना, आई?"

"छोटीला झाकणाचं रीळ देऊ का? नुसतं बटण दाबायचं."

"नको, उघडंच द्या. बाबांचं तसंच होतं."

दुकानदारीण चष्मा शोधू लागली. गल्ल्यावर पाहिलं, खोक्यांमागे पाहिलं. नात फिदीफिदी हसायला लागली. "डोक्यावर आहे तुमच्या! आमची आजीपण अस्साच शोधते."

कोपऱ्यात नळाखाली दगडी ओटा होता. त्यावर घासून घासून गवताच्या पात्यासारखी पातळ झालेली एक सुरी पडली होती. नातीने ओट्यावरून बोट फिरवलं. "हे काय?"

"ती माझ्या आईची जागा. दुकानही तिचंच. लोकांनी पकडलेले मासे ती साफ करून द्यायची. तुकडे असे करायची, की कुठला लहान नाही, कुठला मोठा नाही."

आजीचा चेहरा उजळला. "अगंबाई! म्हणजे आमच्याकडे यायचे ते तुमच्या आईच्या हातचे! आणि बाबा सांगायचे, मीच साफ करतो म्हणून. लबाड कुठले!"

दोघी मनापासून हसल्या.

आजीने निवडलेली काठी नातीच्या हातात दिली. अंगणात दोऱ्याला जुनी चप्पल बांधून बाबांनी तिला असंच शिकवलं होतं. "हं, धर पाहू. रीळ काठीच्या वर, डोळ्यांसमोर. उजव्या हाताने फिरवायचं. आणि गळ टाकताना म्हणायचं, या पाहुणे, घर आपलंच आहे!"

"अहो आजी, उलटं धरलंय!" दुकानदारीण हसत पुढे आली. "हे रीळ काठीच्या खाली लोंबलं पाहिजे. असं धरलं तर दोरा गुंतत राहील, जन्मात मासा..."

ती मध्येच थांबली. नातीच्या मनगटावर ठेवलेला तिचा हात तसाच राहिला.

"उलटं?" आजी तडकली. "दर रविवारी फडकं भरून मासे आणणारा माणूस रीळ उलटं धरेल?"

"तरीच!" मुलगा म्हणाला. "तरीच आपल्याला इतकी वर्षं शेवाळ!"

दुकानदारीण आता हसत नव्हती. "माझा सगळा जन्म या तळ्यावर गेला," ती म्हणाली. "असं धरणारा एकच माणूस मी पाहिला. आई शिकवून शिकवून थकली, पण छे! गळ टाकताना म्हणायचेही हेच, या पाहुणे. एक पाहुणा कधी आला नाही. मग निघायच्या वेळी आईच आपल्यातले मासे बांधून द्यायची."

"उंच होते? डाव्या भुवईवर वण?"

"घोड्याच्या नालेसारखा."

"तेच! माझे बाबा!" आजीने तिचे दोन्ही हात धरले. मासे दुसऱ्या कुणी पकडलेले निघाले, याचं तिला काहीच वाटलं नाही. बाबांना डोळ्यांनी पाहिलेलं माणूस इतक्या वर्षांनी समोर उभं होतं. "तुमच्याशी बोलायचे का हो ते? आमच्याबद्दल काही सांगायचे?"

दुकानदारणीने हात सोडवून घेतले नाहीत. आजीच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून तिची नजर सावकाश फिरली.

"नाही, ताई," ती म्हणाली. "आम्हाला एवढंच सांगायचे, नोकरी फार लांब आहे, म्हणून बाबाला फक्त रविवारीच घरी येता येतं."